हरवलं, चोरलं, लुटलं : इंग्रजीत नेमकं कोणतं क्रियापद?



हे व्याख्यान आम्ही आधी पेणला दिलं आणि पुढच्या आठवड्यात रोह्याला. दोन्हीकडचं मिळून हे शब्दांकन केलं आहे. बोललेलं थोडं सारखं करून घेतलंय, आणि श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिलेत.

विषय दिसायला लहान आहे. वस्तू हरवली, चोरीला गेली किंवा कुणी लुटून नेली, तर इंग्रजीत कोणतं क्रियापद वापरायचं? चार-पाच शब्द आहेत, पाठ करून टाकू, असं वाटतं. आम्हालाही तसंच वाटत होतं. ते का बदललं, ते आधी सांगतो.

आमचा एक विद्यार्थी दिवा–रोहा गाडीनं रोज ये-जा करायचा. एका संध्याकाळी नागोठण्याला गाडी थांबली, दारात उतरणाऱ्यांची झुंबड उडाली आणि त्याच्या खिशातला मोबाईल कुणीतरी ओढून नेला. हात लागलेला त्याला कळला, मागे वळेपर्यंत माणूस उतरून गेला होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. म्हणाला, “सर, गाडीत मोबाईल गेला. विमा कंपनीला इंग्रजीत अर्ज करायचाय, तपासून द्या.” आम्ही तपासला. स्पेलिंग ठीक, काळ ठीक. पहिलंच वाक्य होतं : ‘आय लॉस्ट माय मोबाईल इन द ट्रेन.’ आम्ही खाली बरोबरची खूण केली.

कंपनीचं उत्तर आलं : आपल्या पॉलिसीत चोरीला संरक्षण आहे, हरवण्याला नाही. सबब दावा नामंजूर.

व्याकरणाची एकही चूक नसलेल्या वाक्यानं पोराचे पैसे गेले. आणि ते वाक्य आम्ही पास केलं होतं. ‘गेला म्हणजे नेमकं काय झालं रे?’ एवढा एक प्रश्न आम्ही विचारला नाही. आजचं सगळं व्याख्यान त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मराठीत वस्तू जाते, माणूस बाजूला उभा असतो

आपण घरात कसं बोलतो ते बघा. पाकीट हरवलं. छत्री राहिली. चप्पल गेली. सायकल चोरीला गेली. पैसे बुडाले. या सगळ्या वाक्यांचा कर्ता कोण? पाकीट, छत्री, चप्पल, सायकल, पैसे. जणू त्या वस्तूच उठून कुठेतरी निघून गेल्या. ज्याची वस्तू तो ‘माझं’, ‘माझी’ एवढ्यापुरता वाक्यात येतो. आणि ज्यानं नेली तो तर वाक्यात नसतोच.

‘चोरीला गेली’ हा प्रयोग तर पाहण्यासारखा आहे. मुलगा शाळेला जातो, माणूस कामाला जातो, तशी सायकल चोरीला जाते! वाक्यात चोर कुठेच नाही, तरी चोरी आहे हे ऐकणाऱ्याला पक्कं कळतं. मराठीची ही सोय आहे, त्यात वाईट काही नाही.

मराठीला कर्ता आणता येत नाही असंही नाही. ‘चावी हरवली’ आणि ‘तू चावी हरवलीस’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. फक्त वापर बघा कसा होतो. आपली चावी असली की ती ‘हरवते’. मुलाच्या हातातली असली की त्यानं ती ‘हरवलेली’ असते! म्हणजे दोष कुठे ठेवायचा हे आपण क्रियापदाच्या रूपातून बरोबर ठरवतो, नकळत का होईना.

इंग्रजीत ही सोय वेगळ्या जागी आहे. तिथे बहुधा आधीच ठरवावं लागतं की वाक्य कुणापासून सुरू करायचं : वस्तूपासून, ज्याची वस्तू त्याच्यापासून, की नेणाऱ्यापासून. आणि त्या निवडीप्रमाणे क्रियापद बदलतं.

लूझ : माझ्याकडे आता नाही

पहिलं क्रियापद लूझ, भूतकाळी लॉस्ट. ‘आय लॉस्ट माय पर्स.’ इथे कर्ता मी आहे. वाक्य एवढंच सांगतं की पर्स माझ्याकडे होती, आता नाही. कशी गेली, कुणी नेली, याबद्दल ते गप्प आहे.

म्हणून हे क्रियापद फार मोठ्या दुःखालाही चालतं. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तिथल्या माणसांबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘दे लॉस्ट देअर होम्स’ असंच लिहितात. त्यात त्यांचा निष्काळजीपणा कुणी वाचत नाही, कारण दरड कोसळली हे वाचणाऱ्याला माहीत असतं. पण पोलीस ठाण्यात, बँकेत किंवा विमा कंपनीत तुम्ही नुसतं ‘आय लॉस्ट’ लिहिलंत, तर मोकळी राहिलेली जागा वाचणारा स्वतः भरतो. आणि तो ती ‘याच्या हातून पडलं असेल’ अशीच भरतो.

जाता जाता एक उच्चाराची गोष्ट. हरवण्याचं लूझ एका ओचं, शेवटी ‘झ’. ढिलं या अर्थाचं लूस दोन ओंचं, शेवटी ‘स’. अर्जात दोन ओ पडले तर ‘मी मोबाईल ढिला केला’ असं काहीतरी होतं.

याच घरातलं आणखी एक क्रियापद म्हणजे लीव्ह, भूतकाळी लेफ्ट. आपण म्हणतो, ‘छत्री एसटीत विसरलो’, आणि लगेच ‘आय फरगॉट माय अम्ब्रेला इन द बस’ असं भाषांतर करतो. पण कुठे विसरलो ती जागा सांगायची असेल तर इंग्रजीत रीत आहे ती ‘आय लेफ्ट माय अम्ब्रेला ऑन द बस’ अशी. जागा सांगायची नसेल तर फरगॉट चालतं.

स्टील आणि रॉब : एकाचं कर्म वस्तू, दुसऱ्याचं माणूस

आता मुख्य जोडी. पेणला आम्ही फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि विचारलं, चूक कोणती?

‘माय मोबाईल वॉज रॉब्ड.’
‘आय वॉज स्टोलन.’

बहुतेकांनी दुसऱ्या वाक्याला हसून चूक म्हटलं. मलाच चोरून नेलं, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्याला मात्र निम्म्यांनी पास केलं. खरं तर दोन्ही चूक आहेत, आणि चूक एकच आहे.

स्टील म्हणजे चोरणे. याचं कर्म वस्तू. ‘समबडी स्टोल माय मोबाईल.’ चोर माहीत नसेल तर ‘माय मोबाईल वॉज स्टोलन.’ आपल्या ‘चोरीला गेला’ला सगळ्यात जवळचं वाक्य हेच.

रॉब म्हणजे लुटणे. याचं कर्म माणूस किंवा जागा. माणसाला रॉब करतात, बँकेला करतात, देवळाला करतात. मोबाईलला कुणी रॉब करत नाही. ‘आय वॉज रॉब्ड.’ काय नेलं हेही सांगायचं असेल तर ‘ऑफ’ लावून : ‘दे रॉब्ड हिम ऑफ हिज मनी.’

आपली गडबड इथे का होते? कारण मराठीतलं लुटणे दोन्ही कर्मं घेतं. ‘प्रवाशांना लुटलं’ हेही बरोबर आणि ‘दागिने लुटले’ हेही बरोबर. आपण लुटणेच्या जागी रॉब ठेवतो आणि दागिन्यांनाही रॉब करून मोकळे होतो. गंमत अशी की आपल्याकडची लूट कंपनी सरकारच्या काळात इंग्रजीत गेली, आणि इंग्रजीतलं लूट हे क्रियापद आजही दोन्ही कर्मं घेतं. दुकान लूट करता येतं आणि दुकानातला मालही. पण ते दंगलीत, युद्धात, आपत्तीत. रेल्वेच्या डब्यातल्या खिसेकापूला ते शोभत नाही.

एक घटना, तीन क्रियापदं

हा फरक नुसत्या व्याकरणाचा नाही, हे दाखवायला आपल्याच जिल्ह्यातली घटना घेऊ. श्रीवर्धन तालुक्यातलं दिवेआगर. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या एका बागेत खोदकाम करताना तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. सुवर्ण गणेश म्हणून गावाचं नाव सगळीकडे झालं. २४ मार्च २०१२ रोजी मंदिरावर हल्ला झाला. पहाऱ्यावरच्या दोघांना ठार मारून मुखवटा नेला गेला. तो पुढे वितळवला गेला. २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयानं दोषींना शिक्षा सुनावली. २०२१ मध्ये मंदिरात नवा मुखवटा बसवण्यात आला.

आपण मराठीत आजही म्हणतो, ‘दिवेआगरचा गणपती चोरीला गेला.’ आता हे इंग्रजीत सांगा.

‘दे स्टोल द आयडल.’ कर्म मूर्ती.
‘दे रॉब्ड द टेंपल.’ कर्म मंदिर.
‘टू वॉचमेन लॉस्ट देअर लाइव्ज.’ कर्ते पहारेकरी.

तिन्ही वाक्यं व्याकरणानं शुद्ध आहेत. पण फक्त पहिलं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की रात्री कुणीतरी गुपचूप मूर्ती उचलली. दुसऱ्यात बळजबरी आली. आणि तिसरं? त्यात माणसं गेल्याचं कळतं, पण त्यांना कुणी मारलं हे पुन्हा झाकलं जातं. लूझचा स्वभावच तो. म्हणून तिथे ‘दे किल्ड टू वॉचमेन’ असंच स्पष्ट लिहायला हवं. घडलेलं सगळं सांगायचं असेल तर एका क्रियापदावर भागत नाही.

कायद्याच्या भाषेत हे आधीच वेगळं केलेलं आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण चोरी, जबरी चोरी, दरोडा ही जुनी वर्गवारी कायम राहिली. पोलीस ठाण्यातले मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द असे जुळतात :

• चोरी, म्हणजे थेफ्ट (कलम ३०३). मालकाच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं वस्तू हलवणं. क्रियापद स्टील.
• हिसकावणं, म्हणजे स्नॅचिंग (कलम ३०४). हा नव्या संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला. गळ्यातली साखळी ओढली, हातातला मोबाईल खेचला. क्रियापद स्नॅच, आणि कर्म पुन्हा वस्तू : ‘ही स्नॅच्ड माय चेन.’
• जबरी चोरी, म्हणजे रॉबरी (कलम ३०९). चोरीसोबत मारहाण, अडवणूक किंवा लगेच इजा करण्याची भीती. क्रियापद रॉब.
• दरोडा, म्हणजे डेकॉइटी (कलम ३१०). जबरी चोरीच, पण करणारे पाच किंवा अधिक. हा शब्दसुद्धा इकडून इंग्रजीत गेलेला.
• घरफोडी, म्हणजे हाउस-ब्रेकिंग. रोजच्या इंग्रजीत बर्गल किंवा ब्रेक इन : ‘अवर हाउस वॉज बर्गल्ड.’

आता नेहमीची चूक बघा. कुटुंब गणपतीला गावी गेलं, मागे रोह्यातला फ्लॅट फोडला. परत येऊन आपण लिहितो, ‘रॉबरी हॅपन्ड इन अवर हाउस.’ घरात कुणी नव्हतं. कुणाला धमकावलं नाही, कुणाला मारलं नाही. मग रॉबरी कुठून येणार? ‘समबडी ब्रोक इन्टू अवर फ्लॅट अँड स्टोल द ज्वेलरी’ असं लिहा. कुलूप फोडल्याचा आणि दागिने गेल्याचा, दोन्ही तपशील त्यात आले.

आमच्या त्या विद्यार्थ्याचं वाक्य काय व्हायला हवं होतं, ते आता तुम्हीच सांगाल. ‘माय मोबाईल वॉज स्नॅच्ड फ्रॉम माय पॉकेट ॲट नागोठणे स्टेशन.’ जागा आली, कृती आली. लॉस्टची गरजच नाही.

लिहिण्याआधी तीन प्रश्न

यादी पाठ करू नका. अर्ज लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक : दुसऱ्या माणसानं नेलं, हे मला माहीत आहे का? नसेल, तर लूझ, लीव्ह किंवा ‘इज मिसिंग’. असेल, तर पुढे.

दोन : नेताना माझ्यावर बळ वापरलं का, धमकी दिली का? नसेल, तर स्टील. नुसतं झटकन ओढून नेलं असेल, तर स्नॅच. मारहाण, अडवणूक किंवा धमकी असेल, तर रॉब.

तीन : वाक्यात मला कशाबद्दल बोलायचंय, वस्तूबद्दल की माणसाबद्दल? वस्तूला स्टोलन, माणसाला रॉब्ड.

मराठीत तक्रार देतानाही पहिले दोन प्रश्न उपयोगाचे आहेत. ‘मोबाईल गेला’ म्हणालात तर नोंद ‘गहाळ’ अशी होण्याचा संभव असतो. गहाळ नोंद आणि चोरीचा गुन्हा या वेगळ्या गोष्टी आहेत. चोरी असेल तर एफआयआर मागा. त्याची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. धावत्या गाडीतला किंवा स्टेशनवरचा प्रकार लोहमार्ग पोलिसांकडे जातो.

श्रोत्यांचे प्रश्न

रोह्याला एका ताईंनी विचारलं : “आम्ही ऑफिसात सर्रास ‘आय मिस्ड माय पर्स’ म्हणतो. चालतं का?”

ताई, समोरचा समजून घेईल. पण त्याचा अर्थ साधारण ‘मला माझ्या पर्सची फार आठवण आली’ असा होतो. मिस हे क्रियापद गाडी चुकण्याला आणि माणसाची आठवण येण्याला. पर्ससाठी ‘माय पर्स इज मिसिंग’ म्हणा.

पेणला एका कॉलेजच्या मुलानं विचारलं : “सर, हरवलं की चोरलं हे खरंच माहीत नसेल तर? विमा मिळायला स्टोलन लिहिलं तर काय बिघडतं?”

बिघडतं. पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. योग्य क्रियापद म्हणजे फायद्याचं क्रियापद नव्हे, घडलं त्याला जुळणारं क्रियापद. माहीत नसेल तर माहीत आहे तेवढंच लिहा : शेवटचा कधी पाहिला, कुठे होतो, कधी लक्षात आलं. संशयाला आधार असेल तर ‘आय बिलीव्ह इट वॉज स्टोलन’ लिहा आणि का वाटतं तेही लिहा. फोन ब्लॉक करण्याच्या सरकारी सीईआयआर सेवेला तर हरवलेला आणि चोरलेला दोन्ही चालतात. तिथे पोलीस तक्रारीची प्रत आणि पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. तो आजच ‘स्टार हॅश शून्य सहा हॅश’ दाबून वहीत लिहून ठेवा.

शेवटचा प्रश्न पेणचाच. मागच्या रांगेतले एक काका उठले. म्हणाले, “आमचे पैसे अर्बन बँकेत होते. आम्ही इतकी वर्षं ‘पैसे बुडाले’ म्हणतो. इंग्रजीत काय म्हणायचं? लॉस्ट?”

सभागृह शांत झालं. पेणकरांना संदर्भ सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. २०१० मध्ये पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेतला गैरव्यवहार उघडकीस आला, रिझर्व्ह बँकेनं व्यवहारांवर निर्बंध आणले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखाती दाखवून रकमा बाहेर काढल्याचे आरोप झाले. ठेवीदारांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

काकांना आम्ही सांगितलं ते असं. ‘वी लॉस्ट अवर सेव्हिंग्ज’ हे वाक्य खोटं नाही. तुमचं दुःख त्यात पुरतं येतं. पण ‘बुडाले’मध्ये जी उणीव आहे तीच त्यातही आहे : करणारा कुणी नाही. पैसे स्वतः पाण्यात उतरत नाहीत. विश्वासानं सोपवलेला पैसा सांभाळणाऱ्यानंच खाल्ला, तर मराठीत त्याला अपहार म्हणतात आणि इंग्रजीत एम्बेझल. त्याचं कर्म पैसा. ठेवीदाराला मध्ये आणायचं असेल तर डीफ्रॉड, आणि त्याची बांधणी थेट रॉबसारखी : ‘डिपॉझिटर्स वेअर डीफ्रॉडेड ऑफ देअर सेव्हिंग्ज.’ नाव घेऊन आरोप लिहायचा असेल, तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ‘अलेजेडली’ हा शब्द जोडायचा. तो भित्रेपणा नाही, तोही अचूकपणाच.

काका थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे मराठीतही ‘बुडाले’ऐवजी ‘बुडवले’ म्हणायला हवं होतं.”

होय काका. आम्ही दीड तास जे सांगत होतो, ते तुम्ही एका अक्षरात सांगितलंत.